सराईचे झाले गाव

कविवर बनारसीदासांचे ‘समयसार नाटक’ आपल्या अनेक घरांत स्वाध्यायासाठी असते. त्यांचे ‘अर्धकथानक’ मात्र व्यापारी घरांत फारसे वाचले जात नाही, याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. श्रीमाळ कुळात 1586 साली जौनपूरला जन्मलेल्या या जवाहिऱ्याने आपल्या पंचावन्न वर्षांच्या आयुष्याचा, नफ्यातोट्यासह, पद्यात मांडलेला तो जमाखर्चच आहे. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे धरले, तर आपली कथा अर्धीच झाली. म्हणून ते ‘अर्धकथानक’.

त्यातला एक प्रसंग असा. तरुण बनारसी जवाहीर, तूप, तेल आणि जौनपुरी कापड घेऊन आग्र्याला निघाला आहे. इटाव्याजवळ गाड्या थांबतात आणि मुसळधार पाऊस कोसळू लागतो. सगळे सराईकडे धावतात. पण सराई कोणा बड्या उमरावाच्या माणसांनी आधीच भरलेली. चिखल तुडवीत, बाजारातल्या दारोदारी विनवण्या करीत शेवटी तो आणि त्याचे सोबती चौकीदारांच्या झोपडीत शिरतात. तिथेही एक दांडगा गृहस्थ येऊन त्यांना हुसकावू पाहतो. मग त्यालाच दया येते. तो स्वतः खाटेवर झोपतो आणि या व्यापाऱ्यांना खाटेखाली गोणपाटावर जागा देतो. गाडीत तुपातेलाचे कुपे भरलेले, अंगावर जवाहिराची जोखीम आणि निजायला जागा खाटेखाली! पुढे एका प्रवासात याहून भयंकर वेळ आली. सराईत उतरलेल्या सोबत्यांपैकी एकाने मोडीसाठी दिलेला रुपया सराफाने खोटा ठरवला. गोष्ट कोतवालापर्यंत गेली, साऱ्या व्यापाऱ्यांवर खोट्या नाण्यांचा आरोप आला आणि सकाळी सुळांची तयारीही झाली. सोबत्यांपैकी एकाची जवळच्या गावातली सोयरीक वेळेवर आठवली, म्हणून जीव वाचले. अडतीस वर्षे बँकेत नोटा-नाणी पारखण्यात घालवलेल्या मला हा प्रसंग वाचताना आजही घाम फुटतो.

हे ‘अर्धकथानक’ संवत् 1698 मध्ये, म्हणजे इ. स. 1641 मध्ये आग्र्याला लिहून पूर्ण झाले. जवळजवळ त्याच सुमारास, आग्र्याहून लाहोरकडे जाणाऱ्या त्याच बादशाही रस्त्यावर, एक नवी सराई बांधून उभी राहिली होती. तिच्या दरवाज्यावरील लेखात हिजरी 1050, म्हणजे इ. स. 1640-41, असे वर्ष आहे. ती सराई आज पंजाबात, अमृतसरच्या नैऋत्येस, पाकिस्तानच्या सीमेजवळ आहे. तिचे नाव सराई अमानत खान. आता ती सराई राहिलेली नाही, ते एक गाव आहे. ज्या खोल्यांत व्यापारी एक रात्र काढून पुढे जात, त्या खोल्यांना दारे-खिडक्या बसल्या आणि त्यांत चुली पेटल्या. आम्ही पती-पत्नी अमृतसरला गेलो असताना वाट वाकडी करून ते गाव पाहून आलो. ते पाहणे माझ्या डोक्यात का घर करून बसले, ते शेवटी सांगतो. आधी वास्तू.

मोगल सराईची रचना एकदा समजली की सगळ्या सराया समजतात. मोठा चौरस चौक. चहूबाजूंनी उंच, बाहेरून आंधळी भिंत. चार कोपऱ्यांवर अष्टकोनी बुरूज. समोरासमोर दोन भव्य दरवाजे. भिंतीला आतून लागून एकसारख्या खोल्यांची रांग आणि प्रत्येक खोलीपुढे कमानीची ओसरी. चौकात विहीर आणि मशीद; मोठ्या सराईत हमामखानाही असे. जनावरे आणि गाड्या चौकात, माल आणि माणसे खोलीत. सूर्यास्तानंतर दरवाजे बंद होत आणि सकाळी उघडत. जालंधरजवळची नूरमहल सराई नूरजहान बेगमेने 1618 ते 1621 या काळात बांधवली. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तिचे मोजमाप नोंदवले आहे. बुरुजांसह प्रत्येक बाजू 551 फूट, एकेका बाजूला 32 खोल्या आणि प्रत्येक खोली 10 फूट 10 इंच चौरस. हा शेवटचा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा.

अशी खोली सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो 1615 साली आपल्या खानदेशाला लागून असलेल्या बुऱ्हाणपूरला आला, तेव्हा त्याला उतरायला सराईच्या चार खोल्या मिळाल्या. त्या त्याला भट्टीसारख्या वाटल्या आणि त्याने आपला तंबू पसंत केला. फ्रेंच वैद्य बर्नियर यानेही सामान्य सरायांची तुलना धान्याच्या कोठारांशी केली आहे. घोडे, उंट, खेचरे आणि माणसे सगळी एकत्र. भिंतीला बाहेरच्या बाजूने खिडकी नाही. हवा-उजेड काय तो समोरून. ज्या गोष्टीमुळे चोर आत येत नसे, त्याच गोष्टीमुळे वाराही येत नसे.

सराई अमानत खान ही बादशहाने किंवा बेगमेने बांधलेली नाही, एका लेखनकाराने बांधलेली आहे. ताजमहालाच्या संगमरवरावर जी अक्षरे कोरून काळ्या दगडाने भरलेली आपण पाहतो, त्यांचा लेखक हाच अमानत खान. मूळ नाव अब्द-अल-हक, गाव इराणातील शिराज. त्यापूर्वी सिकंदऱ्याला अकबराच्या कबरीवरील लेखनही त्याचेच. ‘अमानत खान’ ही पदवी त्याला शाहजहानने दिली. ताजमहालासाठी राबलेल्या हजारो कारागिरांपैकी ज्याची स्वाक्षरी त्या वास्तूवर आहे, असा हा एकच माणूस.

त्याचा भाऊ अफजल खान शाहजहानचा वजीर होता. जानेवारी 1639 मध्ये लाहोरला अफजल खान वारला. आग्र्याला यमुनेकाठी ‘चिनी का रौजा’ म्हणून जी रंगीत कौलांनी मढवलेली कबर आहे, ती त्याचीच मानली जाते. भावाच्या मृत्यूनंतर अमानत खान दरबारापासून दूर झाला आणि या रस्त्याकाठी सराई बांधून राहिला. त्याची कबरही सराईजवळच आहे. दुःखात माणसे मंदिरे बांधतात, घाट बांधतात. याने वाटसरूंसाठी खोल्या बांधल्या आणि त्यांच्या दारावर आपल्या हाताची अक्षरे लिहिली. आपल्याकडच्या किती धर्मशाळांच्या दारावर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी असते, ते आठवा.

पंजाबच्या सपाट मैदानात दगड मिळत नाही. म्हणून येथे सारे काम पातळ, लहान आकाराच्या भाजक्या विटांचे आणि चुन्याचे. विटेचे अंग झाकायचे, पावसापासून वाचवायचे आणि दुरून येणाऱ्या काफिल्याला दिसेल असे चमकवायचे, या तिन्ही कामांसाठी त्या काळी काचेरी लेपाची रंगीत कौले वापरत. कारागीर रंगीत कौलांचे लहान लहान तुकडे कापून चुन्याच्या गिलाव्यात जुळवून बसवीत. आग्र्याला अमानत खानाने दगडात अक्षरे लिहिली. इथे ती याच कौलकामात आहेत. आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे ऊन होते. कित्येक ठिकाणचे तुकडे गळून विटा उघड्या पडल्या आहेत. पण जिथे ते शिल्लक आहेत, तिथला निळा, पिवळा आणि हिरवा रंग असा ताजा की कालच गिलावा वाळला असावा असे वाटले. पश्चिमेकडचा दरवाजा लाहोरी, पूर्वेकडचा दिल्लीचा. रस्ता एका दारातून येई आणि दुसऱ्यातून बाहेर पडे. आज त्याच वाटेने दुधाच्या कॅन लावलेल्या मोटरसायकली जातात.

आत चौक असा उरलेलाच नाही. मध्ये घरे, घरांमध्ये गल्ल्या, गल्लीत बाजा टाकलेल्या, म्हशी बांधलेल्या. भिंतीलगतच्या जुन्या कमानी नव्या विटांनी भरून त्यांत लोखंडी दारे बसवली आहेत. एका दारात बसलेल्या वृद्ध सरदारजींना मी विचारले, “बाबाजी, इथे राहायला बरे वाटते का?” ते म्हणाले, “भिंत चार हात जाड आहे. उन्हाळ्यात आत गारवा. पावसाळ्यात मात्र छत रडते.” मग त्यांनी छताकडे बोट दाखवले. अर्धगोल घुमटीवर कोणी तरी सिमेंट ओतले होते आणि त्याला तडा गेला होता. आमच्या सौभाग्यवतींना आतल्या बाईंनी पाणी विचारले आणि कोनाड्यात ठेवलेले देव दाखवले. तो कोनाडा मुळात वाटसरूच्या दिव्यासाठी केलेला.

सराईत घरे केव्हा झाली? या प्रश्नाला ‘अमुक साली’ असे एकच उत्तर देता येत नाही. खरे म्हणजे सराई कधीच घरांवाचून नव्हती. प्रत्येक सराईत भटियाऱ्यांची कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत असत. खोल्या झाडणे, खाटा पुरवणे, वाटसरूंचे अन्न शिजवणे, जनावरांना वैरण देणे ही त्यांची कामे. म्हणजे प्रवासी बदलत, पण चूल विझत नसे. मोगल सत्ता खिळखिळी झाल्यावर अठराव्या शतकात पंजाबात जी धामधूम झाली, तीत उंच भिंत आणि बंद होणारा दरवाजा असलेली जागा आसपासच्या लोकांना हवीहवीशी वाटली, यात नवल नाही. मग रस्त्यानेच पाठ फिरवली. इंग्रजी अमदानीतली ग्रँड ट्रंक वाट अमृतसरवरून गेली. 1862 मध्ये अमृतसर-लाहोर रेल्वे सुरू झाली. वाटसरू आलाच नाही, तर सराईने करावे काय? ज्यांची तिथे वस्ती होती, तेच तिचे धनी झाले. दिल्लीत बेर सराई, जिया सराई, कटवारिया सराई, लाडो सराई, युसुफ सराई ही नावे आज आपण बसथांब्यांवर वाचतो. नावात मुक्काम उरला आहे आणि जागेवर शहर वसले आहे.

इथे एक तुलना करावीशी वाटते. दिल्लीच्या चांदणी चौकात शाहजहानची मुलगी जहानारा हिने एक सराई बांधवली होती. सामान्य सरायांना नावे ठेवणाऱ्या बर्नियरने तिची मात्र तोंडभरून स्तुती केली आहे. पॅरिसच्या वास्तूशी तिची तुलना केली आहे. इराणी आणि उझबेक धनिक व्यापारी तिथे उतरत. 1857 च्या उठावानंतर इंग्रजांनी ती पाडली आणि त्या जागी टाऊन हॉल बांधला. सर्वांत देखणी सराई गेली. सीमेवरच्या खेड्यातली, म्हशी बांधलेली सराई निदान दोन दरवाजे आणि काही ओळी खोल्या घेऊन उभी आहे. माणसे राहिली म्हणून वास्तू राहिली, असे सरसकट म्हणता येणार नाही. त्याच माणसांनी कमानी फोडल्या आहेत, हेही डोळ्यांनी पाहिले. पण रिकाम्या वास्तूच्या विटा शेजारच्या गावाला जातात, राहत्या वास्तूच्या जात नाहीत. तिच्यात कोणी तरी गळती बुजवतो. चुकीच्या मालाने का होईना, बुजवतो.

चुकीच्या मालाबद्दल थोडे लिहिणे भाग आहे, कारण हीच चूक आपल्या जुन्या वाड्यांत, देरासरांत आणि धर्मशाळांत रोज होते आहे. चुन्याची भिंत ओलावा पिते आणि हळूहळू सोडते. ती श्वास घेते असे गवंडी म्हणतात, ते शब्दशः खरे आहे. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की आतला ओलावा बाहेर पडण्याची वाट बंद होते. तो वर चढतो, विटेतले क्षार पृष्ठभागापाशी आणून साठवतो आणि क्षारांचे स्फटिक फुगले की विटेचे पापुद्रे निघतात. वरून भिंत गुळगुळीत दिसते आणि आतून भुगा होत असते. बँकेत याला आम्ही दिसायला चालू, आतून बुडीत असे खाते म्हणत असू. दुसरी चूक घुमटीची. सराईच्या खोल्या एकमेकींना रेटून उभ्या असतात. या खोलीच्या कमानीचा रेटा त्या खोलीची कमान पेलते. दोन खोल्यांची एक करायची म्हणून मधली भिंत काढली, की दोन्हींचा रेटा पेलायला कोणी उरत नाही. बाबाजींच्या छताला तडा का गेला असावा, ते शेजारच्या घरात डोकावल्यावर लक्षात आले. तिथे मधल्या भिंतीच्या जागी लोखंडी गर्डर होता.

आणि तरीही ही रचना घरासाठी किती सोयीची आहे! एक खोली, तिच्यापुढे एक ओसरी, ओसरीपुढे सर्वांचा चौक आणि सर्वांचे पाणी. ओसरीला आड भिंत घातली की स्वयंपाकघर झाले. मुंबईच्या चाळीत दुसरे काय असते? दहा बाय दहाची खोली, गॅलरी आणि सामायिक नळ. वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सराई आणि चाळ वेगवेगळ्या प्रकरणांत असतील. पण राहणाऱ्याला दोन्हींतले नाते सांगावे लागत नाही.

आता आपल्याकडे येतो. बनारसीदासांनंतर वाटसरू व्यापाऱ्याला खाटेखाली झोपावे लागू नये, याची काळजी आपल्या समाजाने जितकी घेतली तितकी फार थोड्यांनी घेतली असेल. मुंबईत सी. पी. टँकजवळची हिराबाग धर्मशाळा शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी बांधली. एक गंमत सांगतो. ‘अर्धकथानक’ संपादित करून 1943 साली छापले ते पं. नाथूराम प्रेमी यांनी, आणि त्यांच्या प्रकाशनसंस्थेचा पत्ता होता हिराबाग, गिरगाव. सराईत जागा न मिळालेल्या व्यापाऱ्याची कहाणी अखेर एका जैन धर्मशाळेच्या पत्त्यावरून प्रसिद्ध झाली.

आमच्या तालुक्याच्या गावीही एक धर्मशाळा आहे. नाव देत नाही, कारण प्रश्न अजून सुटलेला नाही आणि मी तिथला एक विश्वस्त आहे. दगडी जोते, सागवानी खांब, मध्ये चौक, विहीर, तीन बाजूंना एकेक खोली आणि पुढे सलग ओसरी. आमच्या आजोबांच्या पिढीत कापूस-भुईमुगाच्या खरेदीला येणारे दलाल, विहारातील साधू-साध्वी आणि लग्नाची वऱ्हाडे तिथे उतरत. दरवाज्याच्या आत संगमरवरी पाटी आहे: कोणीही तीन दिवसांपेक्षा अधिक मुक्काम करू नये. 1972 च्या दुष्काळात आसपासच्या खेड्यांतली काही कुटुंबे तात्पुरती म्हणून आली. विश्वस्तांनी माणुसकीने राहू दिले. ती तात्पुरती कुटुंबे आज तिसऱ्या पिढीत आहेत. नऊ खोल्यांत नऊ बिऱ्हाडे. भाडे इतके नाममात्र की पावतीपुस्तकाचा खर्चही निघत नाही. त्या ‘तीन दिवसां’च्या पाटीखालीच एका बिऱ्हाडाने पाळणा टांगला होता, तो मी स्वतः पाहिला आहे.

तीन वर्षांपूर्वी एक प्रस्ताव आला: इमारत पाडून चार मजली संकुल, खाली दुकाने, वर वातानुकूलित खोल्या आणि सभागृह. त्या सभेत हिशेबाचे टिपण मी सादर केले होते. त्यात त्या नऊ कुटुंबांचा उल्लेख मी ‘अडथळा’ या शीर्षकाखाली केला होता. लपवीत नाही, शब्द माझाच आहे. हिशेबाच्या दृष्टीने तो चूकही नव्हता. वास्तू दानातून उभी राहिली ती वाटसरूंसाठी; ज्यांनी पैसे दिले त्यांचा हेतू काही कुटुंबांना कायमचा निवारा देण्याचा नव्हता. आजही विहाराच्या दिवसांत साध्वीजींना गावात नीट जागा मिळत नाही, हे सर्वांना माहीत आहे. दात्याच्या हेतूला बाध आणणे हा विश्वस्ताचा दोष आहे, आणि ही बाजू मी अजूनही हलकी मानत नाही.

पंजाबातून परतल्यावर मात्र मी टेप घेऊन धर्मशाळेत गेलो. पहिली खोली मोजली: अकरा फूट बाय पावणेअकरा. नूरमहलच्या खोलीशी दोन-चार इंचांचा फरक! मग एकेक करून सगळ्या खोल्या पाहू लागलो. विश्वस्त झाल्यापासून त्या खोल्यांच्या आत मी कधी गेलो नव्हतो, फक्त चौकातून परत येत असे. सहा खोल्यांत भिंती मूळच्या, चुन्याच्या. तीन खोल्यांत सिमेंट चढवलेले आणि त्याच तिन्हींत ओल. ओसरीचे दोन खांब वाळवीने पोखरलेले. पश्चिमेच्या बाजूचे कौलारू छप्पर ज्या बिऱ्हाडाने दर उन्हाळ्यात स्वखर्चाने शाकारले, ती बाजू कोरडी; आणि ट्रस्टच्या ताब्यातील कुलूपबंद खोल्यांची बाजू, जिथे ‘अडथळा’ नाही, ती निम्मी खचलेली. हे मी आमच्या अध्यक्षांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “शेठ, तुम्ही कोणाच्या बाजूचे?” मी म्हटले, “सध्या भिंतीच्या.” त्यांना विनोद आवडला नाही.

कायद्याची बाजूही विश्वस्तांनी समजून घ्यावी. आपल्या राज्याच्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार ट्रस्टची स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे, दान देणे किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विकासकाशी करार करून मग परवानगी पाहू, असे जे सर्रास बोलले जाते, ते धोक्याचे आहे. जुन्या रहिवाशांना भाडे नियंत्रण अधिनियमाचे संरक्षण आहे की नाही, हे पावत्या, करार आणि ताब्याचे स्वरूप पाहून ठरते. ‘ते फुकटे आहेत’ असे सभेत म्हटल्याने ठरत नाही. जाता जाता सांगतो, 1867 चा सराई कायदा, ज्यात सराईच्या खोल्या, ओसऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवण्याची आणि संसर्गजन्य आजाराची खबर ताबडतोब पोलीस ठाण्यात देण्याची जबाबदारी सराईवाल्यावर टाकली होती, तो काढून मी मुद्दाम वाचला. त्यात ओसाड सरायांचे काय करावे आणि मोडकळीला आलेल्या सरायांचे काय करावे, याची स्वतंत्र कलमे आहेत. वाटसरूंऐवजी संसार थाटलेल्या सरायांचे काय करावे, याबद्दल तो गप्प आहे.

माझे दुसरे टिपण आता तयार आहे. समोरची बाजू, चौक आणि विहीर जशीच्या तशी ठेवावी. खचलेली पूर्वेची बाजू, जिथे कोणीच राहत नाही, ती चुन्याच्या जाणत्या गवंड्याकडून आणि संरचना अभियंत्याच्या देखरेखीखाली दुरुस्त करून साधू-साध्वी व यात्रेकरूंसाठी पुन्हा चालू करावी. म्हणजे दात्याचा हेतू आजच पुरा होऊ लागेल, संकुलाची वाट पाहावी लागणार नाही. नऊ कुटुंबांशी लेखी करार करावेत: वाजवी भाडे, सिमेंट बंद, मधल्या भिंतीला हात नाही, दुरुस्तीत त्यांचे श्रम आणि ट्रस्टचे साहित्य. याला पैसा लागेल आणि तो दुकानांच्या भाड्यातून येणार नाही, समाजाकडे मागावा लागेल. हे सोपे नाही आणि मंडळातले बहुमत माझ्या बाजूचे आहे असेही नाही. तरुण विश्वस्तांचे म्हणणे असे की, जुने जपायचे तर संग्रहालय करा. राहत्या माणसांना सांभाळत जुने जपणे परवडत नाही. त्यांचा हिशेब चूक म्हणता येत नाही. पण कुलूपबंद खोल्यांच्या छपराचा खर्च त्यात धरलेला नाही, एवढे मी त्यांना दाखवले आहे.

मोजणीच्या दिवशी खोली क्रमांक सातमधल्या वयस्क काकू ओसरीत गहू निवडत बसल्या होत्या. त्या लहान सून म्हणून या खोलीत आल्या. टेप पाहून त्यांनी विचारले, “भाऊ, पाडायचं ठरलं का?”

“नाही काकू, अजून काही ठरलेलं नाही. मोजतोय फक्त.”

“मोजा की. आमच्या सासूबाईंनीबी मोजली होती, पावलांनी. तीन दिवसांसाठी भांडी किती काढायची ते बघायला.”

टिपणाला मोजमापांचा तक्ता जोडून मी तो अध्यक्षांकडे पाठवला आहे. सभा येत्या चातुर्मासानंतर आहे. तक्त्यात खोली क्रमांक सातपुढची जागा तेवढी रिकामी आहे. त्या दिवशी काकूंची नात बाळंतपणासाठी माहेरी आली होती, आत झोपली होती, आणि दार लोटलेले होते.